चौदा हजार पाचशे युद्धं कुणी मोजली?

परवा भाची भाषणाचा कागद घेऊन बसली होती. नववीत आहे. शाळेची वक्तृत्व स्पर्धा, विषय 'युद्ध आणि शांती', वेळ चार मिनिटं. पहिलंच वाक्य होतं, "गेल्या साडेपाच हजार वर्षांत जगात १४,५०० युद्धे झाली, ३६४ कोटी माणसे मेली आणि शांततेची वर्षे फक्त २९२!" कुठून आणलंस, तर म्हणे आजोबांनी दिलं. आजोबा म्हणजे माझे बाबा. त्यांच्या तळजाईला फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते आलं होतं, आणि त्याच आठवड्यात मला आणखी दोन ग्रुपवर आलं. इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. पण पोरगी पुढे म्हणाली, "मावशी, हे रक्तातच असेल तर मी शांतीच्या बाजूने बोलून उपयोग काय?"

म्हणून हे लिहायला घेतलं.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, वरचे आकडे, नॉर्वेच्या विज्ञान अकादमीने म्हणे संगणकावर काढलेले. दोन, चिंपांझीसुद्धा युद्ध करतात, म्हणजे युद्ध आपल्या जनुकांत आहे. तीन, सम्राट अशोकाने तलवार टाकली आणि देश हजार वर्षं गुलाम झाला. चार, शांतता फक्त भीतीने टिकते. खाली तिरंगा आणि 'दहा जणांना पाठवा'.

आधी आकडे, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

साडेपाच हजार वर्षं मागे गेलं की आपण इ.स.पू. ३६०० च्या आसपास पोचतो. तेव्हा जिथे लिपी सगळ्यांत आधी आली त्या सुमेरमध्येसुद्धा (आजचा दक्षिण इराक) ती धड अवतरली नव्हती. मग त्या साली युद्ध झालं नाही, हे वर्ष शांततेचं धरा, अशी नोंद कुणी केली? कशावर? अमेरिका खंडात, आफ्रिकेत, आपल्या दख्खनच्या पठारावर त्या वर्षी कोण कुणाशी भांडलं, हे कुठल्या संगणकाला कळणार? आणि ३६४ कोटी म्हणजे किती, हे तरी पाहावं. दुसऱ्या महायुद्धात ढोबळमानाने सात कोटी माणसं गेली. म्हणजे तसली पन्नासहून अधिक महायुद्धं व्हायला हवीत, तीही बहुतांश अशा काळात, जेव्हा सगळ्या पृथ्वीची लोकसंख्या आजच्या एखाद्या देशाएवढी होती. बाबा आयुष्यभर बँकेत होते. दुसऱ्याच्या हिशेबातला एक रुपया त्यांना सापडतो. हे त्यांच्या नजरेतून सुटलं कसं?

हे आकडे आले कुठून, याचा छडा १९६० च्या दशकातच लागलेला आहे. नॉर्मन कझिन्स नावाच्या अमेरिकन संपादकाने १९५३ च्या अखेरीस एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. विषय असा, की एखाद्या 'इलेक्ट्रॉनिक मेंदू'ला जगातल्या सगळ्या युद्धांची माहिती पुरवली तर तो काय सांगेल? हा काल्पनिक प्रयोग आहे, असं लेखाच्या मथळ्यातच म्हटलेलं होतं. पुढे लोकांनी 'काल्पनिक' हा शब्द गाळला, आकडे कुणी कमी केले, कुणी फुगवले आणि कधीतरी नॉर्वेची अकादमी येऊन चिकटली. 'ध'चा 'मा' करायला शनिवारवाडाच लागतो असं नाही. वर गंमत अशी, की हे कझिन्स अणुबॉम्बविरुद्ध आयुष्यभर बोलणारे गृहस्थ. युद्ध थांबवा म्हणून त्यांनी रचलेला आकडा आज युद्ध थांबूच शकत नाही, हे सांगायला फिरतोय.

आता चिंपांझी. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या एका टोळीने फुटून निघालेल्या दुसऱ्या टोळीतले नर एकेक गाठून संपवले. जेन गुडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवलेलं आहे, ते खोटं नाही. माणसांचंही तसंच. केनियात नाटारुकला सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे २७ जणांचे अवशेष सापडले, त्यातल्या कित्येकांचा अंत मारहाणीत, बाणांनी झालेला दिसतो. पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, हा दुसऱ्या टोकाचा फॉरवर्डही मला नको. पण मग बोनोबो, म्हणजे चिंपांझींसारखेच दिसणारे दुसरे वानर, का लपवता? तेही आपले तितकेच जवळचे नातलग, आणि त्यांच्यात अशा टोळीयुद्धाची परंपरा दिसत नाही. दोन चुलतभावांपैकी एक मारकुटा निघाला म्हणून खानदानाचा निकाल त्याच्यावरून लावायचा का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांपूर्वीच घेतला होता. १९८६ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निरनिराळ्या देशांतले वीस अभ्यासक बसले. मेंदू, जनुकं, प्राणीवर्तन, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांतले. त्यांनी एक निवेदन काढलं आणि १९८९ मध्ये युनेस्कोने ते प्रसारासाठी स्वीकारलं. त्यातली पाच विधानं 'असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे' अशीच सुरू होतात. युद्धाची वृत्ती प्राणी पूर्वजांकडून वारशाने आली, असं म्हणणं चूक. ती जनुकांत ठरून आली आहे, हे चूक. उत्क्रांतीत आक्रमकांचीच निवड झाली, हे चूक. माणसाचा मेंदूच हिंसक आहे, हे चूक. आणि युद्ध निव्वळ उपजत प्रेरणेने किंवा एकाच कारणाने होतं, हेही चूक. शेवटी ते म्हणतात, ज्या प्रजातीने युद्धाचा शोध लावला, तिला शांततेचाही लावता येईल. ठराव करून विज्ञान सिद्ध होत नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. मग स्वीडन बघा. ज्यांच्या वायकिंग पूर्वजांचं नाव काढलं की युरोप थरथरे, तो देश १८१४ नंतर स्वतःचं एकही युद्ध लढलेला नाही. दोनशे वर्षांत जनुकं बदलत नाहीत.

मग बदलतं काय? त्यासाठी लांब कशाला जायचं? १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले, ते मुख्यतः चौथाईच्या थकबाकीवरून. दावा होता, आकडा होता, पण दोघांनी मानावा असा तिसरा कुणी नव्हता. शिवाय नुसत्या तडजोडीत कुणाचं महत्त्व वाढत नाही. आज त्याच मुलखांतली राज्यं कृष्णेच्या पाण्यावरून भांडतात, आणि पाणी काही चौथाईपेक्षा कमी जिवाचं नाही. पण १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. तेव्हापासून वकील लढतात, वर्षानुवर्षं लढतात, निवाडा आवडत नाही म्हणून पुन्हा लढतात. कंटाळवाणं आहे खरं. खर्ड्याला तोफा होत्या.

आणि बाबा, आपल्या सोसायटीतलं पार्किंग? सहा वर्षं तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी बोलत नव्हता. एकदा तर हवासुद्धा सोडली गेली, कुणी ते मी लिहीत नाही. मग कमिटीने फरशीवर पांढरे पट्टे मारून नंबर घातले. गावाकडे बांध कोरणं चालतं तेही हद्दीचा दगड हरवलेला असतो तिथेच जास्त. दगड लावला की प्रेम उत्पन्न होतं असं नाही, पण कुऱ्हाड घरात राहते.

अशोकाचा मुद्दा दोन मिनिटांचा आहे. तेराव्या शिलालेखात तो कलिंगातल्या एक लाख मृतांबद्दल आणि दीड लाख परागंदा केलेल्यांबद्दल खेद व्यक्त करतो आणि त्याच लेखात अरण्यवासी लोकांना बजावतो की, मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात सत्ता आहे. कलिंग त्याने परत दिलं नाही. (कलिंगातल्या धौलीच्या खडकावर हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांना मारलं त्यांच्यापुढे कबुली नको वाटली असावी.) त्याच्यानंतरच्या हजार वर्षांत सातवाहन, गुप्त, चालुक्य होऊन गेले. पुलकेशीने हर्षाला नर्मदेवर अडवलं ते काय चरख्याने?

राहता राहिली भीती. भीतीचा वाटा असतो, पोलीस चौकी उगाच नसते. पण फ्रान्स आणि जर्मनी १८७० ते १९४५ एवढ्यात तीनदा एकमेकांवर चालून गेले, तेव्हा दोघांनाही एकमेकांची भीती भरपूर होती. मे १९५० मध्ये फ्रेंच परराष्ट्रमंत्री शुमान यांनी सुचवलं की ज्यातून तोफा बनतात तो कोळसा आणि पोलादच एका सामाईक मंडळाखाली आणू. पुढच्या वर्षी सहा देशांनी तसा करार केला. डोक्यावर अमेरिकेची छत्री आणि पलीकडे रशियाचा धाक होताच, ते नाकारत नाही. पण आज आपली मुलं पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात फ्रेंच आणि जर्मन शिकतात, नोकरीसाठी कुठलं बरं एवढीच चर्चा करतात.

हे सगळं मी बाबांना रविवारी वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे नॉर्वेची अकादमी नव्हतीच?" मग म्हणाले, पार्किंगचं काढून टाक. काढलं नाही. भाचीने १४,५०० खोडून तिथे खर्डा घातलंय. आता भाषण पाच मिनिटांवर जातंय आणि चिंपांझी ठेवायचे की अशोक, यावर तिचं आणि आजोबांचं भांडण चालू आहे.