समाधानकारक!

आज दुपारी माझी धाकटी जाऊ भात वाढत होती, तेवढ्यात शाळेतून एक जण रजिस्टर घेऊन आला. "वैनी, हंय सही करा." तिने हात पुसले, सही केली. कसली, ते तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी रजिस्टर ओढून वाचलं. जाऊ जिची सदस्य आहे, त्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली म्हणे, मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणीही झाली. "सुविधा समाधानकारक." डोकंच फिरलं.

तिचीच मुलगी सातवीत, त्याच शाळेत. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, कारण मुलींच्या मुतारीला कुलूप. आत मोडकी बाकं नि सिमेंटच्या गोणी. पोर घरी आली की दप्तर न काढता मागच्या दारी पळते, मग तांब्या तोंडाला लावते. आणि आईच्या सहीने सगळं समाधानकारक!

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. मुलग्यांना नि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं त्यातच लिहिलीत. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहा महिन्यांची मुदत घालून बजावलं. समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका हव्यात, हाही कायदाच. आहेत की निम्म्या! रजिस्टरात.

गुरुजींच्या मागे मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब आहे, मान्य. पण गोणी बाहेर काढायला कुठला जीआर लागतो?

वर दम काय, तर "बोलू नका, पट वीसच्या खाली आहे, तक्रार केलीत तर शाळाच बंद करतील." भीती खोटी नाही. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारने काढलंच होतं. आमच्याकडे शाळा पलीकडच्या गावात गेली म्हणजे मध्ये घाटी, पऱ्या, नि जुलैत साकवावरून पाणी. मुलग्याला सायकल घेतील, मुलीला घरी ठेवतील. सगळं कळतं मला. म्हणून शाळा टिकवायला पोरीने लघवी दाबून बसायचं? मे महिन्यात चाकरमानी आले, देवळाच्या सभामंडपाला लाद्या बसल्या. देवाच्या कामाला नाही म्हणवत नाही, आमच्याही घरची वर्गणी आहे त्यात. शाळेच्या नळाचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

संध्याकाळी जावेला सांगितलं, अगो, शाळेचा विकास आराखडा ह्याच समितीने करायचा असतो, अनुदान कुठे खर्च होतं ते बघायचा हक्क आहे तुला. "माका कोण विचारता?" म्हणाली. भांडी घासत राहिली. मग हळूच, "ती चावी कोणाकडे आसता?"

उद्या दोघी जातोय विचारायला. आणि "गावाची बदनामी कशाला" असं खाली लिहायला बसलेल्यांनो, आधी आपल्या घरातल्या सदस्य बाईला विचारा, ती बैठक कुठल्या वारी झाली.