लिंक उघडली नाही म्हणजे जीआर रद्द झाला नाही

"पुराच्या मदतीच्या 2019 च्या जीआरची लिंक 404 दाखवते, म्हणजे शासनाने तो गुपचूप रद्द केला. आता तो कुठेही मिळणार नाही. खालच्या नव्या लिंकवर आधार नंबर टाका, तरच यादीत नाव राहील." हा मेसेज सांगली जिल्ह्यातल्या पलूस-भिलवडीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. काल आत्याने तो मला पाठवून विचारलं, "आधार टाकू का रे?" आता गप्प बसणं शक्य नाही.

रद्द? 404 म्हणजे त्या पत्त्यावर सर्व्हरला पान सापडलं नाही, एवढंच. वेबपानांची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या एचटीटीपीचं मानक, आरएफसी 9110, स्पष्ट सांगतं की पान तात्पुरतं गेलंय की कायमचं, हे 404 वरून कळत नाही. कायमचं काढलेल्या पानासाठी 410 हा वेगळा कोड आहे. आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, रद्द करायला दुसरा जीआर काढावा लागतो. तो दाखवा, मग बोलू.

"कुठेही मिळणार नाही" हे अर्धसत्य. पानं गायब होतात, मान्य. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2024 च्या पाहणीत 2013 सालची 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. पण जीआरच्या शेवटी 18 आकडी संकेतांक छापलेला असतो. त्यातले पहिले 8 आकडे तारखेचे, म्हणजे ऑगस्ट 2019 चा असेल तर सुरुवात 201908 ने. बंद पडलेल्या लिंकच्या शेवटी, पीडीएफच्या आधी, बहुतेकदा हाच आकडा असतो. तो उचलून शासन निर्णयांच्या सरकारी साइटवर संकेतांकाच्या रकान्यात टाका. नाहीच आला तर विभाग आणि तारीख टाकून शोधा. तरीही नाही, तर जुनी लिंक जशीच्या तशी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, टाका. तिथे सगळं जपलेलं नसतं, पण बघायला पैसे पडत नाहीत.

आता आधारचं, ज्याची मला खरी चीड आहे. जीआर वाचायला आधार लागत नाही, ओटीपी तर नाहीच. पत्ता नीट बघा. सुरुवातीचं https:// सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असाच हवा. या मेसेजमधल्या पत्त्यात 'जीओव्ही' मधेच घुसवलंय आणि शेवटी 'डॉट शॉप' आहे. पुरात घर गेलेल्या माणसाला ही असली लिंक पाठवणारा लुटारू आहे, आणि न वाचता पुढे ढकलणारा त्याचं काम सोपं करतो.

कुणी ओटीपी देऊन बसलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. यादीतल्या नावाचं तलाठ्याला विचारा.