किंकेड मेलाच नव्हता

सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग वसंतमामांनी तोच घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘डोळे उघडणारं’ असं लिहून, आणि त्याखाली कॉलेजात जाणाऱ्या भाचीचा अंगठा उमटला. मामांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय. त्यामुळे गप्प बसणं काही जमेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’, १९४३चा अमेरिकन चित्रपट. सत्य घटना. शेरीफ गावातली माणसं घेऊन तीन गुरेचोरांच्या मागे लागतो, रात्री पकडतो, पहाटे झाडाला लटकवतो. ना वकील, ना तारीख, ना अपील. त्या गावात पुन्हा कधी चोरी झाली नाही. कमी पैशात काढलेला हा सिनेमा तुफान चालला, त्यातला नट हेन्री फोंडाला ऑस्कर मिळालं. ज्या देशात असा न्याय होतो तोच महासत्ता होतो, आपण मात्र तारखा मोजतोय. पटलं तर पुढे पाठवा.

मामा, तुम्ही हा सिनेमा पाहिलेला नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानंही पाहिलेला नाही. पाहिला असता तर झटपट न्यायाच्या कौतुकासाठी त्यानं दुसरा कुठलाही निवडला असता. फक्त ७५ मिनिटांचा आहे हो.

‘सत्य घटना.’ नाही. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांच्या १९४० सालच्या कादंबरीवरून दिग्दर्शक विल्यम वेलमन यांनी तो केला. काळ १८८५, मुलूख नेवाडा, गोष्ट रचलेली. पुढे चला.

‘शेरीफ माणसं घेऊन निघतो.’ शेरीफ गावातच नसतो! तो बाहेर गेलेला असतो आणि नेमकी तीच मोकळीक सगळ्यांना हवी असते. त्याचा हाताखालचा डेप्युटी जमलेल्यांना भराभर शपथ देऊन टाकतो. असा अधिकार तुला नाही, असं न्यायाधीश त्याला तोंडावर सांगतात. माणसं पकडलीत तर खटल्यासाठी इथं आणा, असं सगळ्यांना बजावतात. ऐकतो कोण? अमेरिकेत शेरीफ हा काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागानं, निवडून दिलेला पोलीस अधिकारी असतो. गुन्हेगार पळाला तर गावातल्या धडधाकट पुरुषांना हाक देऊन सोबत घ्यायचा अधिकार कायद्यानं त्याला होता, त्या जथ्याला पॉसी म्हणतात. पण तिचं काम माणूस धरून आणण्यापुरतं. या सिनेमातली पॉसी पहिल्या पावलापासून बेकायदा आहे, आणि ते पडद्यावर स्वच्छ सांगितलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. ‘तीन गुरेचोर.’

ते चोर नव्हते. तिघांपैकी एकही नव्हता. सिनेमा आहेच तेवढ्यासाठी.

गावातल्या दारूच्या गुत्त्यावर एक जण घोडा दामटत येतो आणि सांगतो की लॅरी किंकेडला गोळी घातली, तो मेला, गुरं पळवली. खरंखोटं करायला कोणी किंकेडच्या गोठ्याकडे जात नाही. डेव्हिस नावाचा म्हातारा दुकानदार परोपरीनं विनवतो की शेरीफ येईपर्यंत थांबा. त्याची टिंगल होते. मग जुना लष्करी गणवेश चढवून मेजर टेटली हजर होतो आणि जमावाला म्होरक्या मिळतो. रात्री ऑक्स-बोच्या खोऱ्यात तीन माणसं झोपलेली सापडतात: डोनाल्ड मार्टिन नावाचा तरुण, त्याच्यासोबत एक भ्रमिष्ट म्हातारा आणि एक मेक्सिकन. त्यांच्याजवळ किंकेडची गुरं आहेत. मार्टिन सांगतो, विकत घेतलीत, किंकेड खरेदीचा कागद मागाहून टपालानं पाठवणार आहे. कागद नाही म्हणजे चोर! मेक्सिकनकडे किंकेडचं पिस्तूल निघतं. वाटेत पडलेलं मिळालं, असं तो म्हणतो. हसतात.

पुरावा एवढाच. यावर तीन माणसं मरतात.

मार्टिन बायकोला पत्र लिहितो. ते वाचून डेव्हिसला वाटतं, असं लिहिणारा माणूस खुनी असणार नाही, पण त्याचं ऐकायला कोणी तयार नसतं. पहाटे मतं घेतात. फाशी नको म्हणणारे फक्त सात निघतात. बाकीच्यांत काही तर नुसते शेजारच्याकडे बघून उभे राहिलेले. परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो. किंकेड जिवंत आहे, आणि त्याला गोळी घालणारेही पकडले गेलेत. ज्यांना त्या रात्री पकडायचं होतं ते आधीच शेरीफच्या ताब्यात होते. हे कोणी केलं, असं शेरीफ विचारतो आणि डेव्हिस सांगतो, सात जण सोडून सगळ्यांनी.

तर मामा, तुम्ही ज्या न्यायाचा नमुना म्हणून हे पाठवलंत, त्यात खून झालेला नाही, चोरी या तिघांनी केलेली नाही, शेरीफ हजर नाही, आणि फाशी मात्र झालेली आहे.

आणि सुरुवात कशी होते ते पाहा. कोणीतरी ऐकलेलं सांगतं, दुसरा त्यात भर घालतो, तिसरा दोर शोधायला लागतो. त्या घोडेस्वाराच्या जागी आज आपला फोन आहे. २०१८च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच भिक्षेकरी माणसं जमावानं ठेचून मारली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. २०२०च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच गेले, तिथं चोरांची अफवा होती. त्या जमावांतही कोणाला आपण खुनी आहोत असं वाटत नसणार. आपण न्याय करतोय, असंच वाटलं असणार. म्हणून भाचीचा तो अंगठा मला बोचला.

‘ना वकील, ना तारीख, ना अपील.’ इथं अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करतो. आपली कोर्टं रखडतात. मामांच्या बांधाचा दावा किती वर्षं चाललाय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या वैतागाला मी नावं ठेवणार नाही. अमेरिकेच्या पश्चिमेत पॉसींनी खरे डाकू पकडले, हेही खरं. १८७६च्या सप्टेंबरात जेम्स-यंगर टोळीनं मिनेसोटातल्या नॉर्थफील्डची बँक लुटायचा डाव टाकला, तो फसला. दोन आठवडे पाठलाग चालला. शेवटी मडेलिया गावाजवळच्या दलदलीत शेरीफ जेम्स ग्लिस्पिन आणि सहा जणांनी टोळीतल्या चौघांना गाठलं. एक चकमकीत मेला, तिघे यंगर भाऊ जखमी होऊन हाती आले.

पण पुढं काय झालं ते फॉरवर्डवाल्याला नको असतं. यंगर भावांना कोणी झाडाला टांगलं नाही. ते कोर्टापुढे उभे राहिले, गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली. एक तुरुंगात मेला, दोघे १९०१मध्ये पॅरोलवर बाहेर आले. ज्यांनी दरोड्यात माणसं मारली होती अशा टोळीच्या बाबतीतही मिनेसोटानं कायदा पाळला.

उलटी उदाहरणं हवीत? वायोमिंगमध्ये १८८९च्या २० जुलैला एला वॉटसन नावाच्या बाईला आणि जिम अ‍ॅव्हरिलला बड्या पशुपालकांनी गुरेचोरीच्या आरोपाखाली फासावर टांगलं. तिथली राजधानी शायेनच्या वर्तमानपत्रांनी तिला बदफैली आणि चोर ठरवून ‘कॅटल केट’ हे नावही चिकटवलं. ती खरी कोण होती? सरकारी नियमानं जमिनीवर हक्क सांगून राहिलेली, स्वतःची थोडी गुरं विकत घेतलेली बाई. तिची जमीन त्या धनदांडग्यांच्या कुरणांच्या मधोमध येत होती. फाशी देणाऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही. झटपट न्यायाचा हिशेब बहुतेक वेळा असाच निघतो, जमीन कोणाला हवी होती हे विचारलं की.

तीनच वर्षांनी त्याच वायोमिंगमध्ये, जॉन्सन काउंटीत, बड्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, कोणाला मारायचं याची यादी करून. तिथं शेरीफ रेड अँगसनं २००च्या आसपास माणसांची पॉसी उभी केली ती या ‘चोर मारणाऱ्यां’ना वेढा घालायला. म्हणजे खरा शेरीफ आणि खरी पॉसी झुंडीच्या विरुद्ध उभी होती! अखेर राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी घोडदळ पाठवून त्या वेढल्या गेलेल्यांना सोडवलं आणि तेही शिक्षेवाचून सुटले. पैसेवाले होते.

आणि एक राहिलं. १८६४मध्ये मोंटानातल्या बॅनकमध्ये अशाच स्वयंघोषित न्यायदात्यांनी हेन्री प्लमरला लटकवलं. हा प्लमर तिथला शेरीफ होता. तो डाकूंना सामील होता की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत, कारण खटला झालाच नाही.

एकूण आकडे हवे असतील तर टस्कीगी या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदी आहेत. १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत झुंडीनं मारलेल्या ४,७४३ जणांची नोंद त्यांनी केली, त्यात ३,४४६ कृष्णवर्णीय. महासत्ता होण्याचं कारण यात शोधायचं म्हणजे कमाल आहे.

‘तुफान चालला, फोंडाला ऑस्कर.’ चालला नाही, पडला. स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक यांना तो चालणार नाही याची आधीच खात्री होती; वेलमननं हक्क विकत घेऊन हट्टानं केला. पैसा बेताचा असल्यानं रात्रीचं खोरं स्टुडिओच्या आतच उभारलं, आणि त्या कोंदट सेटमुळेच त्याची भीती वाढली, असं माझं मत. ऑस्करला सर्वोत्तम चित्रपटाचं एकच नामांकन होतं, ते ‘कॅसाब्लांका’नं नेलं. फोंडाला अभिनयाचं ऑस्कर १९८२ साली मिळालं, दुसऱ्याच चित्रपटासाठी.

फोंडाचं नाव घेतलंच आहे तर हे ऐका. १९१९च्या सप्टेंबरात तो १४ वर्षांचा होता. नेब्रास्कातल्या ओमाहात वडिलांचा छापखाना कोर्टासमोर होता, त्याच्या खिडकीतून त्यानं हजारोंच्या जमावाला विल ब्राउन या कृष्णवर्णीय कैद्याला बाहेर ओढून मारताना पाहिलं. ब्राउनवर नुसता आरोप होता. जमावानं कोर्टाची इमारत पेटवली, आडव्या आलेल्या महापौराच्या गळ्यातही दोर अडकवला, तो कसाबसा वाचला. फोंडा ती रात्र आयुष्यभर विसरला नाही. या सिनेमात शेवटी मार्टिनचं पत्र वाचून दाखवतो तो फोंडाच. वाचताना त्याचे डोळे मित्राच्या टोपीच्या कडेआड झाकलेले ठेवलेत. तो प्रसंग बघा, मग ऑस्करबद्दल बोलू.

राहिली शेवटची थाप: त्या गावात पुन्हा चोरी झाली नाही. सिनेमा त्याच दिवशी संपतो, त्यामुळे पुढच्या चोऱ्यांचं कोणालाच ठाऊक नाही. गावानं काय केलं तेवढं मात्र कळतं. गुत्त्यावर बसून मार्टिनच्या बायकोसाठी वर्गणी काढली. ५०० डॉलर जमले.