तीन वर्षांची पदवी बाद झालेली नाही. फी भरा, परीक्षा द्या

‘नवीन शिक्षण धोरण लागू! तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यापुढे ग्राह्य नाही. चौथं वर्ष न करणाऱ्यांना एम.ए., बी.एड., एमपीएससी, यूपीएससी सगळं बंद. एका वर्षात कॉलेज सोडलं तरी सरकारमान्य डिग्री. जुनी एम.फिल. रद्द. चार वर्षांवाल्यांना परीक्षेशिवाय थेट पीएच.डी. लहान कॉलेजं बंद होणार.’

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी त्याच्याकडे काणाडोळाच करत होतो. पण परवा मावसबहिणीचा फोन आला. लेक बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आलेली, आणि मेव्हणे म्हणतायत, “डिग्री चालणारच नसेल तर पैसे कशाला घालवायचे?” मेसेजच्या तळाशी कुठल्याशा ‘ॲडमिशन मार्गदर्शन केंद्रा’चा नंबर आहे, चौथ्या वर्षाच्या ‘खात्रीशीर’ प्रवेशासाठी. मेव्हण्यांनी तिथे फोन केला, तर पलीकडच्याने आधी टोकन भरायला सांगितलं. म्हणजे मेसेज कोणाच्या सोयीचा आहे ते वेगळं सांगायला नको.

आता मूळ कागद बघू. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.संबंधीचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात आले. बी.कॉम.च्या मुलीचा पीएच.डी.शी काय संबंध, असं कोणी विचारेल. त्यातली प्रवेशाची पात्रता वाचा. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.ए., एम.कॉम. केलेला उमेदवार पात्र. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेलाही पात्र. दोघांनाही पदव्युत्तरला किमान ५५ टक्के हवेत. जी पदवी घेऊन एम.कॉम. करता येतं आणि पुढे पीएच.डी.च्या रांगेत उभं राहता येतं, ती ‘ग्राह्य नाही’ हे कोणत्या डोक्यातून निघालं? साधी बेरीज आहे. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. वर्षं तेवढीच लागतात, फक्त मधला थांबा सरकलाय.

पदवीचं म्हणाल तर यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले गुणांक) म्हणजे तीन वर्षांची पदवी आणि १६० क्रेडिट म्हणजे चार वर्षांची ऑनर्स, असं सरळ लिहिलंय. आपल्याकडे महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आहे. सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले की तीन वर्षांचे १३२ होतात, चारचे १७६. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून आलं, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. चौथं वर्ष ज्याला हवं त्याने करावं. सक्ती कुठेही नाही.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला अट आहे ती मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीची. जाहिरातीत पदवीची वर्षं मोजत नाहीत. बी.एड.चं तर २०२० च्या धोरणातच दिलंय: आधीची पदवी असणाऱ्यांना दोन वर्षांचं, चार वर्षांवाल्यांना एक वर्षाचं. ज्या धोरणाच्या नावाने मेसेज सुरू होतो ते धोरण तरी उघडायचं होतं.

‘एका वर्षात कॉलेज सोडलं तरी डिग्री.’ हे वाचून मात्र माझा पारा चढला, कारण यातून होणारं नुकसान दिसतं तेवढं साधं नाही. एका वर्षानंतर मिळतं ते सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. तेही आपोआप मिळत नाही. ठरलेले क्रेडिट हवेत, शिवाय उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची मुभा आहे. अडचणीत सापडलेल्याचं वर्ष फुकट जाऊ नये, म्हणून ही सोय. पण गावाकडे हाच मेसेज मुलीच्या बापाच्या हातात पडला की त्याचा अर्थ काय होतो? ‘सरकारच म्हणतंय एका वर्षात डिग्री, मग बघा आता स्थळ.’ आणि ते एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन राज्यसेवेचा फॉर्म भरता येत नाही, बँकेच्या पीओचा येत नाही, एम.कॉम.ला प्रवेश मिळत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

एम.फिल.बद्दल अर्धं खरं आहे. पीएच.डी.च्या त्याच विनियमांतल्या चौदाव्या कलमाने नवे एम.फिल. प्रवेश बंद केले. तरी काही विद्यापीठं प्रवेश देत राहिली, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने पुन्हा तंबी दिली. पण आधी मिळालेल्या आणि आधी सुरू झालेल्या एम.फिल.ला धक्का लागलेला नाही. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला तर नंतर २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली गेली. तेव्हा भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून ठेवायची गरज नाही.

थेट पीएच.डी.ला चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के लागतात, आरक्षित गटांना पाच टक्के सूट. वर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा प्रवेश परीक्षा आहेच, मुलाखतही आहे. ‘परीक्षेशिवाय’ हे शुद्ध बंडल.

राहिली लहान कॉलेजं. ‘बंद होणार’ असा कुठलाही आदेश नाही. मात्र संलग्नतेची (कॉलेजने विद्यापीठाला जोडून राहण्याची) पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची असं धोरणात आहे आणि तालुक्याच्या कॉलेजांना त्याची धास्ती वाटते, ती उगाच नाही. त्यात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस अशा नव्या विषयगटांचे रकाने भरता भरता वेळापत्रक करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात, आणि त्यातले कितीतरी तास सीएचबीवरच्या (तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या) मास्तरांच्या गळ्यात पडतात.

आणि लोक असल्या मेसेजवर विश्वास ठेवतात याला नियम करणारेही जबाबदार आहेत, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली, २०१४ मध्ये यूजीसीच्याच आदेशावरून गुंडाळली, आणि आता तेच चौथं वर्ष देशभर आलंय. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची, असं २०१८ मध्ये ठरलं. अंमल जुलै २०२१ पासून होणार होता, तो जुलै २०२३ वर ढकलला आणि ती तारीख आल्यावर सक्तीच काढून टाकली. नेट किंवा राज्याची सेट पुरे. तेवढ्यासाठी ज्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं, त्यांना उद्या कोणी काहीही सांगितलं तरी खरं वाटेल. त्यात विद्यापीठांची परिपत्रकं म्हणजे तिरप्या स्कॅनच्या पीडीएफ, कॉलेजच्या फळ्यावर मराठीत चार ओळीही नाहीत. तिथे मग मार्गदर्शन केंद्रवाल्यांचं फावतं.

भाचीला सांगितलंय, फॉर्म भर, पेपर दे, पदवी घे. चौथ्या वर्षाचा विचार असेल तर टोकन मागणाऱ्याला विचारू नकोस, कॉलेजच्या ऑफिसात जा. आपल्याकडे चौथं वर्ष सुरू आहे का, नसेल तर दुसऱ्या कॉलेजात क्रेडिट कसे जातील, ते विचार. रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाईड असावे लागतात. तेव्हा ते आहेत का, हेही विचार, आणि उत्तर लेखी माग.