काकांच्या फॉरवर्डला उत्तर: पाणी म्हणे समुद्रात वाया जातं

साखळी गावात राहणाऱ्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकला आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. संदेश असा: ‘गोव्याचं पावसाळी पाणी समुद्रात वाया जातं. प्रत्येक नदीवर धरण बांधा. नदीचं काही बिघडत नाही. उलट मासे वाढतात, नदी बारमाही होते, पूर थांबतात.’ काका, रोज बाजारातून मासळी आणणाऱ्या माणसाने तरी हे पुढे ढकलायला नको होतं.

मासे वाढतात ही त्यातली सगळ्यात मोठी थाप. धरणात वाढतात ते रोहू-कटला, आणून सोडलेले. तुमचा लाडका चोणक अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी. पिल्लं वर गोड्या पाण्यात पोसतात आणि मोठी झाली की परत खाली उतरतात. नदीतली मोठी कोळंबी पोटाशी अंडी घेऊन निमखाऱ्या पाण्यात येते, तिची पिल्लं नदी चढून जातात. मध्ये भिंत घातल्यावर त्यांनी जायचं कुठून? आणि वलगण विसरलात? पहिल्या पावसात ओहोळ गढूळ होऊन फुगले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, थेट शेतात शिरून अंडी घालतात. रात्री बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला गेलेली माणसं सत्तरीत अजून आहेत. पाण्याचं ते फुगणं हीच माशांची खूण. मृगाचं पाणी भिंतीमागे अडलं की खाली खूणच पोचत नाही. गंगेत हिलसा पूर्वी अलाहाबादच्याही वर जायचा. १९७५ मध्ये फराक्काचा बांध सुरू झाला आणि ती वाट जवळपास बंद झाली.

आता ‘वाया’. मांडवीत भरती चांगली पन्नासेक किलोमीटर आत चढते. तिला मागे रेटतं ते वरून येणारं गोडं पाणी. तेच गाळ आणतं, आणि तिसऱ्या, खुबे असले शिंपले त्या खाडीवरच जगतात. गाळ धरणात अडला की खाली आलेलं पाणी काठ खरवडतं.

हे माझ्या मनचं नाही. जागतिक बँक आणि आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून नेमलेल्या जागतिक धरण आयोगाचा अहवाल २००० साली आला. परिसंस्थांवर धरणांचे परिणाम चांगल्यापेक्षा वाईटच जास्त, आणि कित्येक ठिकाणी झालेली हानी भरून न येणारी, असा त्याचा निष्कर्ष. ‘त्यात मेधा पाटकर होत्या’ म्हणून नाक मुरडू नका. वीजप्रकल्पांची यंत्रसामग्री विकणाऱ्या एबीबी कंपनीचे प्रमुखही त्याच आयोगावर होते.

बारमाहीचं म्हणाल तर अर्धं खरं. उन्हाळ्यात पाणी सोडलं तर खार मागे हटतो. साळावली धरणावर दक्षिण गोव्याचे नळ चालतात, तेही मान्य. पण ते पाणी नळाला नि कालव्याला. नदीसाठी म्हणून किती सोडतात ते एकदा विचारा. शिवाय खोल धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी थंड आणि प्राणवायू कमी असलेलं.

पूर? धरण रिकामं असेल तर थांबतो. भरलेलं असलं की काय होतं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर पेडण्यातल्या लोकांनी पाहिलं.

आणि एक. पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेसाठी कर्नाटकातले नेते वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत, म्हादईचं (म्हणजे आपल्या मांडवीचंच) पाणी समुद्रात वाया जातं. २०१८ साली पाणीतंटा लवादाने त्यांना १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंसुद्धा. तेव्हा चिडून जेवण टाकून उठलेले काका आज त्यांचीच बाजू ग्रुपवर मांडतायत. निदान ते वाक्य तरी आधी काढा.