सकर मासा तलावात कसा सोडावा

माशांच्या टाकीची काच घासायचा कंटाळा येतो ना? मग स्पंजला हात लावू नका, टाकीवरचा दिवा दिवसाचे १२ तास जळतोय तिकडेही बघू नका. सरळ सकर मासा (दुकानदार ज्याला प्लेको म्हणतात तो दक्षिण अमेरिकेतला शेवाळखाऊ मासा) आणा. दुकानात तो जेमतेम ५-६ सेंटिमीटरचा असतो आणि काचेला तोंड लावून इतका कामसू दिसतो की 'हा केवढा होईल?' हे विचारायचं सुचतच नाही. पुढे तो ४०-५० सेंटिमीटरचा होतो. प्रौढ सकराला ५०० लिटरची टाकी तरी हवी, असं काही खवचट लोक म्हणतात. आपली ६० लिटरची आहे, तेव्हा त्यांच्याशी बोलणं बंद करा.

शेवाळ जास्त उजेडाने आणि पाण्यातल्या नायट्रेटने वाढतं. सकर शेवाळ खातो आणि दिवसभर विष्ठेच्या लांब दोऱ्या सोडतो, म्हणजे पुढच्या शेवाळाच्या खताची सोय तोच करतो. मोठा झाला की त्याला आयत्या गोळ्या जास्त आवडतात, आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायची सवय लागते. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर चट्टे दिसले तर पाण्याला दोष द्या.

वळताना शेपूट काचेवर आपटायला लागली की त्याच्या स्वातंत्र्याची वेळ झाली. दुकानात परत द्यायचा किंवा मोठी टाकी असलेलं कुणी शोधायचं, तर चार फोन करावे लागतील. लवंगेच्या तेलाने भूल देऊन संपवणं तर क्रूरपणाच. बादली घ्या आणि अंधार पडल्यावर तलाव गाठा. पाणी तेवढं उबदार बघा. १० अंशांच्या खाली तो टिकत नाही, मेहनत फुकट जाईल. पाणी घाण, ऑक्सिजन संपलेलं असलं तरी चालतं, कारण तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ऑक्सिजन घेतो. वाटेत बादली सांडली तरी घाबरू नका, ओलसर राहिला तर पाण्याबाहेरही २० तासांहून जास्त जगू शकतो.

एकट्या माशाने काय होणार, असं मनात आलं तर उत्तम. तुमच्याआधी बादली घेऊन आलेल्यांनाही हेच वाटलं होतं, त्यामुळे त्याला जोडीदार मिळेल. नर काठाच्या मातीत मीटरभर खोल बीळ खोदतो, मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि नर राखण करतो. पाणी उतरलं की बिळं उघडी पडतात आणि काठ ढासळतो. काठाची जबाबदारी तुमच्याकडे नसतेच.

त्याला कोण खाईल ही काळजीही नको. अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत आहे, वर पाठीचे आणि छातीच्या परांचे काटे ताठ करून तो अडकवून ठेवतो. पोर्टो रिकोत त्याला गिळायला गेलेले पेलिकन पक्षी गुदमरून मेले. फ्लोरिडात तो झऱ्यांत विसावलेल्या मॅनेटींच्या (पाण्यात राहणाऱ्या धिप्पाड, संथ सस्तन प्राण्यांच्या) पाठीवरचं शेवाळ खरवडत बसतो. मॅनेटींना विचारलं कुणी?

राहिले मासेमार. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणात तिलापिया माशाऐवजी जाळ्यात टनावारी सकर येऊ लागला. (तिलापियाही आफ्रिकेतून आणलेलाच, तेव्हा मूळच्या माशांसाठी कुणी रडू नये, ते प्रकरण आधीच मिटलेलं होतं.) काटे जाळ्यात रुतले की मासा सुटत नाही, जाळंच कापावं लागतं. बांगलादेशाने २०२३ मध्ये या माशावर बंदी घातली. तेवढ्याने नदीतला मासा काही परत दुकानात गेला नाही.

कुरकुर फारच वाढली तर मासेमारांना सांगा की ॲमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा चिलखतासकट निखाऱ्यावर भाजून आवडीने खातात. चिलखत काढल्यावर मांस थोडंच उरतं, आणि सांडपाण्यावर वाढलेल्या माशात जड धातू साठलेले असू शकतात, हे मात्र सांगत बसू नका, गिऱ्हाईक बिथरतं.