लेखक हयात आहेत

संतकवींवर कुणी काहीही लिहावं, रात्री साडेनऊला त्यांचा फोन येत नाही. 'तुम्हाला माझा सहावा अध्याय नीट कळलेला दिसत नाही' असं माउली कुणाला म्हणत नाहीत. समीक्षेचे सगळे मोठमोठे सिद्धांत या एका सोयीवर उभे आहेत. समकालीन कादंबरीची अडचण अशी, की तिचा लेखक हयात असतो. त्यातही पुण्या-मुंबईचा हयात लेखक एक वेळ परवडतो. नाशिकचा हयात लेखक कॉलेज रोडला नारळपाणी पिताना भेटतो आणि तुमच्या नारळाचेही पैसे देऊन टाकतो. मग लिहा आता त्याच्या दुसऱ्या प्रकरणाबद्दल.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर आणि गो-नोगो गेज ही मापाची हत्यारं घेऊन बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची छोटी नळकांडी, तपासायचे, मापात नसलेले लाल ट्रेमध्ये टाकायचे. आजवर एकाही बुशने 'तुम्ही मला पूर्ण बघितलंत का?' असं विचारलेलं नाही. कुठल्या बुशच्या मेव्हण्याने मध्यस्थी केलेली नाही. या सवयीच्या जोरावर मी एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या कथा-कादंबऱ्यांवर ४०० शब्द लिहायचं कबूल केलं. मानधन असं, की परीक्षणाला आलेलं पुस्तक आपल्याकडेच राहतं. शिक्षाही तीच.

पुस्तक येतं ते पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ सप्रेम' असं लिहून. खाली वळणदार सही, सहीखाली मोबाइल नंबर. नंबर आहे म्हणजे लेखक अभिप्रायाची वाट बघत बसणाऱ्यांतला नाही. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं, तेव्हा पुस्तकवाल्यांत बरीच हळहळ झाली. मला मात्र वाटलं, ओघ जरा आटेल. झालं उलटंच. गावातले लेखक स्वतः पुस्तक घेऊन घरी येऊ लागले. टपाल खात्याला चहा करावा लागत नव्हता.

मी वाचायला आतल्या पानापासून सुरुवात करतो. आवृत्ती, मुद्रक, अक्षरजुळणी, सगळं. एके काळी मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही सर्वसाधारण गोष्ट होती. मागणीनुसार छपाई आल्यापासून शंभराचीही निघते. त्यामुळे 'महिनाभरात दुसरी आवृत्ती' हे वाचून दबून जायचं कारण नाही. लेखकाचा गोतावळा किती, एवढंच त्यातून कळतं.

मग मनोगत. नाशिकच्या लेखकाचं मनोगत तात्यासाहेबांशिवाय पुरं होत नाही. कुसुमाग्रजांना हे गाव तात्यासाहेब म्हणतं, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला मज्जाव नसे हेही खरं. त्यामुळे 'तात्यासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून, लिहीत राहा, असं सांगितलं' हे वाक्य खोटं ठरवणं कठीण. पण मी पडलो मोजमापाचा माणूस. तात्यासाहेब गेले १० मार्च १९९९ला. लेखकाचं जन्मसाल मलपृष्ठावर असतं. वजाबाकी केली की कळतं, आशीर्वाद मिळाला तेव्हा लेखक बालवाडीत होता. हात ठेवलाही असेल पाठीवर. 'रडू नकोस' म्हणाले असतील.

आता कादंबरी. नायक शहरातून गावी परत येतो. का येतो ते शंभराव्या पानापर्यंत कळत नाही आणि शंभरानंतर आपल्याला त्याचं काही वाटत नाही. वाडा पडका असतो. आई नुकतीच गेलेली असते, किंवा नायक येईपर्यंत जायची थांबलेली असते. मोबाइलला रेंज नसते. ही रेंज नसणं अलीकडच्या कथानकांचा मोठाच आधार आहे, कारण रेंज असती तर दीड मिनिटाच्या फोनवर अर्धी कादंबरी मिटली असती. शहरी कादंबरी असली तर नायिका बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कॉफी घेऊन उभी राहते आणि कॉफी गार होते. एका पुस्तकात इतक्या कॉफ्या गार झाल्या की लेखिकेला अभिप्रायाऐवजी थर्मास पाठवावा असं माझ्या बायकोचं मत पडलं. बायको शेवटचं पान आधी वाचते. 'शेवटी तरी प्यायली का?' एवढंच तिला बघायचं होतं.

मध्येच एखादं पुस्तक असं येतं, की दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असताना रात्री दीड वाजता दिवा लावून बसावं लागतं. तेव्हा खरी पंचाईत. वाईट पुस्तकावर ४०० शब्द चहा उकळेपर्यंत होतात. चांगल्याबद्दल 'वाचा' याच्या पुढे सुचत नाही. आणि ते लिहिणारी बाई कधीही फोन करत नाही. परीक्षण आलं हे तिला ठाऊक असतं की नाही, कोण जाणे.

माझ्या मावसभावाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. तो घरी आला तेव्हा टीपॉयवर एक कादंबरी पडली होती, नेमकी द्राक्षशेतकऱ्याच्या आयुष्यावरची. तिच्यासाठी मी 'मातीशी इमान राखणारी' वगैरे शब्द जुळवत होतो. भावाने मधलंच पान उघडलं. आषाढातला मुसळधार पाऊस, आणि नायिका लगडलेल्या घडांखाली उभी राहून रडते आहे.

"आषाढात घड?" भाऊ म्हणाला. "आषाढात बागेत नुसता पाला राहतो, दादा. एप्रिलात खरड छाटणी, मग ऑक्टोबर छाटणी, तेव्हा कुठे जानेवारी-फेब्रुवारीत माल. ही बाई कुणाच्या बागेत घुसली?"

हे मी परीक्षणात जसंच्या तसं घातलं. रविवारी सकाळी लेखकांचा फोन. सटाण्याकडे अर्ली छाटणी असते, हे तुमच्या बंधूंना माहीत दिसत नाही, असं म्हणाले. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, अर्ली असली तरी आषाढात कात्री चालते, घड लगडत नाहीत. हे लेखकांना कळवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "ते घड प्रतीकात्मक आहेत."

प्रतीकाला गेज लागत नाही.

पुढे संपादकांनी तारे मागितले. वाचकाला ४०० शब्द वाचायला वेळ नाही, पाचपैकी किती ते सांगा. मला ते साडेतीन ताऱ्यांचं प्रकरण पटेना. अर्धा तारा कापला कुठून, याची नोंद नको? म्हणून मी आपलं नाशिकचं माप सुचवलं. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतं, पण गावात विचारतात ते 'मारुतीला कुठवर?' एवढंच. गुडघ्याला म्हणजे पोरांना घेऊन बघायला जायचं. छातीला म्हणजे सराफ बाजारातल्यांनी दुकानं आवरायची. इतकं नेमकं माप असताना तारे कशाला?

पहिल्याच रविवारी घोळ झाला. एका कादंबरीला मी 'गळ्यापर्यंत' दिलं, दुसरीला 'कमरेपर्यंत'. गळ्यापर्यंतवाले पेढे घेऊन आले. कादंबरीने वाचकाला बुडवलं, हे त्यांना कौतुकाचंच वाटलं. कमरेपर्यंतवाले त्याहून खूश. पूर म्हणजे शेवटी आपत्ती, आणि त्यांनी ती कमरेवरच रोखून धरली होती. पुण्याच्या एका प्रकाशकांनी मात्र लेखी विचारणा केली, की मारुतीचा आमच्या लेखिकेशी नेमका संबंध काय. संपादक पुन्हा ताऱ्यांवर आले.

गावात कामं मिसळीवर होतात, त्याला साहित्य अपवाद नाही. एका कादंबरीकारांनी मला मखमलाबाद रोडला मिसळ खायला नेलं. पापड मोडला, दही घेतलं, तर्री जरा जास्तच ओतली गेली आणि नेमका तेव्हाच त्यांनी विचारलं, "तिसरं प्रकरण कसं वाटलं?" माझं तोंड भाजलेलं, डोळ्यांतून धारा. तिसरं प्रकरण नायकाच्या वडिलांच्या मृत्यूचं होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "मलाही लिहिताना असंच झालं होतं."

वाईटात वाईट पुस्तकासाठी मी 'मुखपृष्ठ वेधक, छपाई सुबक' हे वाक्य राखून ठेवलं आहे. त्यात खोटं काही नसतं. एका लेखकाने तेवढंच वाक्य चौकटीत घालून आपल्या पुढच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर माझ्या नावानिशी छापलं. त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ अर्थातच वेगळं होतं आणि आतली चार पानं उलटी लागली होती.

यातले बरेचसे लेखक सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर असतात. गोल ट्रॅकची अडचण साहित्यात कुणी मांडलेली नाही. लेखकाच्या दिशेनेच चालावं तर तो मागून गाठतो. उलट दिशेने चालावं तर दर फेरीला दोनदा समोर येतो, आणि प्रत्येक वेळी अर्धं वाक्य बोलून पुढे जातो. उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत आपण अर्धी फेरी मारायची. अशा अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत एका निवृत्त अधिकारी कादंबरीकारांनी मला समजावून सांगितलं, की २०२० ते २०२३ सलग चार वर्षं साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार कथा-कादंबरीलाच मिळाला. हिशेब बरोबर आहे. सूर असा होता, की पाचव्या वर्षी यांचा नंबर लागत होता. नेमका २०२४चा पुरस्कार समीक्षेच्या पुस्तकाला गेला. तेव्हापासून ते माझ्याकडे असे बघतात, की तो मीच पळवला.

नाशिकला वाचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४०चं आहे. पेशवाई जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि लोक पुस्तकं बदलून नेऊ लागले होते. पण खरे परीक्षक पाहायचे तर आमच्या कॉलनीतल्या छोट्या वाचनालयात जावं आणि पुस्तकाच्या समासात बघावं. पेन्सिलवाले कुणाची भीड ठेवत नाहीत. या निवृत्त अधिकाऱ्यांच्याच कादंबरीत पान ४७वर लिहिलं आहे, 'हे मागे सांगून झालं.' पान ११२वर, 'मग?' पान ११३वर, 'मग???' शेवटच्या पानावर, 'मुलीकडे जायचं सोडून हे वाचत बसले,' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'मग जायचं होतंत.' माझे ४०० शब्द त्या एका 'मग?'पुढे पाणी भरतात.

गेल्या शनिवारी पुस्तक बदलायला गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी स्वतः लेखक. पुढ्यात त्यांचीच कादंबरी, हातात खोडरबर. ४७ साफ झालं होतं, ११२ चाललं होतं. मला बघून जराही दचकले नाहीत. "ग्रंथाची विटंबना आहे ही," म्हणाले, "सार्वजनिक मालमत्ता." टेबलावरचा चुरा त्यांनी तळहाताने नीट गोळा केला. पान ८०वरचं 'वा!' मात्र त्यांनी तसंच ठेवलं होतं. मी वाकून पाहिलं. ते प्रकरणाच्या डोक्यावर छापलेल्या तुकोबांच्या ओळीला होतं.

"बरे भेटलात," असं म्हणून त्यांनी खोडरबर खिशात टाकला आणि वरच्या खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "शेवटच्या पानावर दोन शब्द लिहा. अक्षर बदलून."